मदत हवी आहे: बोटीच्या इंजिनाचं ऑईल आत्ता बदलू की मे महिन्यात?

शिरोळ_घाट
पुराची बोट आता शेडात जाणार ती थेट मे अखेरीस बाहेर. इंजिन ऑईल आत्ता बदलायचं की पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर? मंडळातली पोरं म्हणत्यात, आत्ता घातलं तर नवं ऑईल पडून पडून जुनं होणार, पैसे वाया. मेकॅनिक फोन उचलंना. शनिवारी बोट आत टाकायची आहे. कुठलं ऑईल, किती, तेवढं पटकन सांगा.

उद्यमनगर_फिटर
इंजिन कुठलं ते सांगा की आधी. टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक? एचपी किती? कार्ब्युरेटर का इंजेक्शन? टू स्ट्रोक असेल तर बदलायला ऑईलच नाही, ते पेट्रोलबरोबर जळून जातं.

कृष्णामाई
पुराच्या कामाला टू स्ट्रोकच बरं. वजनाला हलकं, चिखलात दमत नाही. ५० लिटर पेट्रोलला १ लिटर टीसी-डब्ल्यू३ ऑईल (बोटीच्या पाण्यावर थंड होणाऱ्या टू स्ट्रोकचं), म्हणजे लिटरमागं २० मिली. मोटरसायकलचं टूटी, म्हणजे टू स्ट्रोकचं ऑईल घालू नका, ते हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. बोटीत त्याची राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते.

शिरोळ_घाट
फोर स्ट्रोक आहे, ४० एचपी, कार्ब्युरेटरवाली. टू स्ट्रोकचं कुणी विचारलंय?

मळ्यातलं_इंजिन
मग एवढं काय त्यात? शेतीच्या डिझेल इंजिनात २०डब्ल्यू-४० जातं, तेच ओता. लक्ष्मीपुरीत कुठंही मिळतं. आणि बदलायचं ते मे मध्येच. उभ्या इंजिनात ऑईल खराब व्हायला ते काय दूध आहे का?

उद्यमनगर_फिटर
नवं ऑईल खराब होत नाही, हे बरोबर. पण इंजिनात आत्ता नवं नाही, पूरभर चाललेलं आहे. त्यात जळणातलं आम्ल, पाण्याचा अंश आणि न जळलेलं पेट्रोल उतरलेलं असतं. रोज चालणाऱ्या इंजिनात पाणी उडून जातं. उभ्या इंजिनात तेच आम्ल बेअरिंगच्या मऊ थराला आणि कॅमशाफ्टला महिनोन्‌महिने चाटत बसतं. म्हणून बदलायचं ते ठेवण्याआधी. आउटबोर्डला (बोटीच्या मागं बाहेरनं लावायच्या इंजिनाला) साधारण १०० तास किंवा १ वर्ष असा हिशेब असतो, तेव्हा आत्ता घातलेलं नवं ऑईल पुढचा पावसाळाही काढतं. मे मध्ये फक्त पातळी आणि रंग बघायचा.

आणि २०डब्ल्यू-४० नको. ही इंजिनं ५-६ हजार आरपीएमवर फिरतात, तुमचं डिझेल इंजिन दीड हजारावर. एफसी-डब्ल्यू (बोटीच्या फोर स्ट्रोकचं ऑईल) शिक्क्याचं १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० घ्या, त्यात गंज रोखणारा मसाला जास्त असतो. ४० एचपीला फिल्टरसकट दीड ते दोन लिटरच्या मध्ये लागतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. डिपस्टिकवर आत्ता पातळी किती दिसते?

थंडी_स्पेशल
सगळ्यात महत्त्वाचं कुणी बोललंच नाही. इंजिनात गुलाबी अँटीफ्रीज फिरवून घ्या, नाहीतर थंडीत ब्लॉक फुटतो. व्हिडिओत सगळे तेच करतात.

कृष्णामाई
अहो साहेब, ते व्हिडिओ बर्फाच्या मुलखातले. कोल्हापुरात थंडीत १४-१५ अंश असतं, पाणी कुठलं गोठतंय? शिवाय आउटबोर्ड उभं ठेवलं की आतलं पाणी आपोआप गळून जातं. आपल्याकडं शत्रू दोन, दमट हवा आणि उंदीर. वायरिंगला जाळी लावा.

शिरोळ_घाट
डिपस्टिक बघितली. ऑईल कमी नाहीच, वरच्या खुणेच्याही अर्धा इंच वर आहे. मग बदलायची गरजच काय?

उद्यमनगर_फिटर
तीच तर गरज! ऑईल आपोआप वाढत नसतं. एकतर पेट्रोल उतरलंय, नाहीतर पाणी शिरलंय. वास घ्या. पेट्रोलचा वास आणि बोटांत पाणचट लागलं तर पेट्रोल. पुरात बोट तासन्‌तास आयडलवर सरकवतात, इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगवरून खाली झिरपतं. शिवाय कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल आत यायचं थांबवणारी सुई) गळते का तेही बघा, नाहीतर नवं ऑईलही असंच पातळ होईल. रंग दुधाच्या चहासारखा असेल तर पाणी. खात्रीसाठी दोन थेंब तापल्या तव्यावर टाका, तडतडलं की पाणी.

शिरोळ_घाट
पेट्रोलचाच वास आहे. रंग काळा.

उद्यमनगर_फिटर
मग निभावलं. आता क्रमानं करा:

आधी प्रॉपेलर काढा. इंजिन पाण्याच्या बॅरलमध्ये उभं करा, प्रॉपेलरच्या वरची आडवी पट्टी चार बोटं बुडाली पाहिजे. न्यूट्रलमध्ये १० मिनिटं चालवा. पुराचा गाळ धुऊन निघतो आणि ऑईल तापून पातळ होतं. मागची पाण्याची धार बघत राहा. धार बारीक असेल तर इम्पेलर (थंड करायचं पाणी ओढणारा रबरी पंखा) गेला. गाळाच्या पाण्यात तो झिजतोच. कोरडं इंजिन 'फक्त एकदा' सुद्धा मारू नका, रबरी इम्पेलर काही सेकंदात करपतो.

मग बंद करून भरायचं झाकण उघडा, ड्रेन बोल्ट काढा, १५ मिनिटं निथळू द्या. बोल्टचा वायसर नवाच. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑईल लावा, हातानं टेकेपर्यंत फिरवा, पुढं पाऊण आटा, पाना लावू नका. दीड लिटर ओता, थांबा, डिपस्टिक बघा, मग थोडं थोडं. खुणेच्या वर गेलं तर फेस होतो आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑईल कार्ब्युरेटरकडं जातं.

आता बरेच जण चुकतात तिथं: ऑईल घालून तसंच झाकून ठेवतात. परत ५ मिनिटं बॅरलमध्ये चालवा, म्हणजे नवं ऑईल वरच्या कॅमपर्यंत पोचतं. बंद करून पातळी पुन्हा बघा.

मळ्यातलं_इंजिन
आणि टाकी फुल्ल भरून ठेवा, गंज धरत नाही.

कृष्णामाई
पत्र्याच्या टाकीचं ते. ही सुट्टी प्लॅस्टिकची असणार, रिकामीच करा. आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, हवेतला ओलावा ओढतं. जास्त ओढला की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये हिरवट चिकट थर धरतो. शेवटच्या ५ मिनिटांत पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, मग कार्ब्युरेटरच्या प्रत्येक वाटीचा खालचा स्क्रू सोडून उरलेलं काढा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल, किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) दोरी काढून दोन-चार वेळा स्टार्टर फिरवा, प्लग परत लावा. बॅटरीच्या वायरी सोडा, महिन्याला एकदा चार्ज करा, १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका.

रंकाळा_फेरी
बोट ठेवायचीच कशाला? रंकाळ्यावर पर्यटनाला लावा की राव, इंजिन चालतं राहील.

कृष्णामाई
आणि पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची ३९ फुटाची इशारा पातळी आली की रंकाळ्यावरनं उचलून आणायची होय?

उद्यमनगर_फिटर
विषय सोडू नका. @शिरोळ_घाट, गिअर ऑईल राहिलं. ते वेगळं असतं, बहुतेक मॉडेलला एसएई ९० हायपॉइड. खालचा आणि वरचा असे दोन स्क्रू. दोन्ही उघडून काढा. भरताना खालच्या भोकातनं पंपानं, वरनं बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू बंद, मग पंप काढून खालचा. वरनं ओतलं तर आत हवा अडकते आणि ऑईल कमी बसतं. जुनं ऑईल गटारात नको, डब्यात भरून भंगारवाल्याला नाही तर गॅरेजला द्या.

शिरोळ_घाट
इंजिन ऑईल झालं, १ लिटर ७०० बसलं. पण गिअर ऑईल पांढरट निघालं. आणि प्रॉपेलर काढला तर मागं शाफ्टला मासे पकडायच्या जाळीचा नायलॉन गुंडाळलेला, वर उसाची पाचट.

उद्यमनगर_फिटर
पांढरट म्हणजे गिअरमध्ये पाणी शिरलंय. त्या नायलॉननंच प्रॉपेलरच्या शाफ्टचं सील कापलंय. सगळा दोरा ब्लेडनं काढा, शाफ्टला ओरखडा आहे का नखानं बघा. सील जोडीनं बदला, नवं ऑईल त्यानंतरच. शनिवार विसरा, पाणी आत ठेवून मेपर्यंत पडलं तर गिअरचे दात गंजतात. प्रॉपेलर बसवताना शाफ्टला ग्रीस आणि स्प्लिट पिन नवीन.

मळ्यातलं_इंजिन
२०डब्ल्यू-४० नं काही बिघडलं नसतं, एवढंच म्हणतो.