ड्यून : पुस्तकातलं मनातलं बोलणं पडद्यावर जातं कुठे?

घोडबंदरवाली:
ठाण्यात आमचा छोटासा वाचनकट्टा आहे, या महिन्यात फ्रँक हर्बर्टची ड्यून (१९६५) ही पाण्याचं दुर्भिक्ष असलेल्या वाळवंटी ग्रहावरची विज्ञानकादंबरी घेतलीय आणि मागच्या रविवारी त्यावरून चांगलीच जुंपली. पुस्तकात प्रत्येक जण सतत मनातल्या मनात हिशोब करत असतो, समोरचा काय लपवतोय, आवाज का बदलला, एकाच प्रसंगात लेखक तीन-तीन जणांच्या डोक्यात शिरतो. कॅमेऱ्याने हे करायचं कसं? मला तर वाटतं पुस्तकाचा जीवच तिथे आहे, तो काढला की उरतं वाळवंट आणि मारामारी. जेवणावळीचा अख्खा प्रसंग २०२१च्या पिक्चरमध्ये नाहीच, याचं मला फार वाईट वाटलं. ज्यांनी १९८४चा पण पाहिलाय त्यांनी सांगा प्लीज.

ऐरोलीकर:
दोन्ही पाहिलेत. १९८४ मध्ये डेव्हिड लिंचने सरळ मनातले विचार कुजबुजत्या आवाजात ऐकवलेत, आणि सव्वादोन तासात सगळं पुस्तक बसवायचं म्हटल्यावर बिचारा दुसरं करणार काय. पण चेहऱ्यावर जे दिसतंय तेच कानात परत ऐकू येतं, ताण निघून जातो. आता पेटीचा सीन बघ. कादंबरीचा नायक पॉल, त्याची परीक्षा चाललीय, हात वेदना देणाऱ्या पेटीत, मानेशी विषारी सुई, हात काढला की मेला. पुस्तकात तो भीतीवरचा मंत्र मनात म्हणतो, लिंचकडेही तो मनातच ऐकू येतो. २०२१च्या पिक्चरच्या दिग्दर्शकाने, डेनी विल्नव्हने काय केलं, मंत्र दाराबाहेर उभ्या असलेल्या आईच्या तोंडी दिला, ती थरथरत पुटपुटतेय आणि आत पोरगा गप्प. म्हणजे त्याच्या डोक्यातलं गेलं नाही गं, दुसऱ्या माणसाकडे गेलं. माझ्या मते उत्तर हेच आहे.

स्वगतप्रेमी:
लिंचवर एवढं नका तुटून पडू राव. गडकरी रंगायतनला नाटकात नट पुढे येऊन स्वगत म्हणतो तेव्हा हजार माणसं श्वास रोखून ऐकतात, कुणालाही खोटं वाटत नाही. फक्त तिथे नट ते तोंडाने म्हणतो, अंगाने म्हणतो. पिक्चरमध्ये ओठ मिटलेले आणि आवाज वेगळाच रेकॉर्ड केलेला, तिथे गडबड होते. आयडिया वाईट नव्हती, पण प्रत्येक पात्राला दिली ते जास्त झालं. एकट्या पॉलला ठेवली असती तर चालली असती असं मला अजूनही वाटतं.

खारघर_रात्रपाळी:
ऐरोलीकरांना +१, आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण दुसऱ्या भागात आहे (२०२४). हर्बर्टला पॉल हा धोक्याचा इशारा म्हणून हवा होता, तारणहाराच्या मागे आंधळेपणाने जाऊ नका म्हणून, पण पुस्तकात ती धास्ती बरीचशी पॉलच्या स्वतःच्या डोक्यात आणि भविष्याच्या दृष्टांतात आहे, म्हणून कित्येकांनी त्याला सरळ हिरोच मानलं. पिक्चरमध्ये ती शंका पॉलच्या प्रेयसीला, चानीला दिलीय. पुस्तकातली चानी शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहते, इथे सगळे गुडघे टेकतात आणि ती एकटी निघून जाते. यावर चिडलेले खूप आहेत, मला मात्र हा बदल पुस्तकाशी जास्त प्रामाणिक वाटतो.

घोडबंदरवाली:
चानीचं पटलं, हे नक्की मांडते. पण जेवणावळीचं काय? पाहुणे हात धुताना मुद्दाम पाणी जमिनीवर सांडणार, टॉवेलला हात पुसणार आणि ते टॉवेल पिळून निघालेलं पाणी बाहेरच्या भिकाऱ्यांना, ड्यूक म्हणजे पॉलचा बाप ही प्रथाच बंद करतो. त्या ग्रहावरचं अख्खं राजकारण त्या टॉवेलात आहे!

ऐरोलीकर:
प्रसंग जबरदस्तच आहे, वाद नाही. पण त्यात डझनभर नवी माणसं, प्रत्येकाचं बोलणं दुहेरी, पडद्यावर वीस मिनिटं सहज गेली असती. त्याऐवजी वाळवंटातल्या लोकांचा म्होरक्या स्टिल्गर ड्यूकच्या टेबलावर थुंकतो तो सीन आठव. सगळ्यांचे हात तलवारीकडे, मग ड्यूकचाच योद्धा डंकन सांगतो की अंगातलं पाणी दिलं, हा मान आहे, आणि ड्यूकही थुंकतो. पाण्याची किंमत अर्ध्या मिनिटात कळते. थुंकणं पुस्तकातही आहेच, दिग्दर्शकाने दोनातला एक प्रसंग निवडला. रविवारी दोन्ही लागोपाठ वाचून दाखव कट्ट्यावर, आणि कुठे भेटता तेही कळव, ऐरोलीहून यायला जमेल मला.