विषय: दादरचा लॅपटॉप, एस मोड काढू का? (तातडीचं)

मंडळी,
बाबांच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ होम आहे, एस मोडमध्ये. सोसायटीच्या हिशेबनिसांनी दिलेलं सॉफ्टवेअर त्यावर चढत नाहीये, फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप्स चालतील असं सांगून थांबतं. प्रिंटरच्या सीडीचंही तेच. ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा घ्यायची आहे आणि खजिनदार बाबाच. मार्चमध्ये भामट्याच्या फोनमुळे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून एस मोड मीच मुद्दाम घ्यायला लावला होता. काढला तर परत लावता येत नाही म्हणतात, खरं का?
मेधा

—

मेधा,
खरं आहे. स्टोअरमधून फुकट काढता येतो, पण नंतर परत लावायची सोय नाही. तरी काढ. एस मोडमध्ये क्रोमसुद्धा घालता येत नाही, एजच वापरावा लागतो. मी हे खरेदीच्या वेळीच लिहिलं होतं.
काढल्यावर दोन गोष्टी कर. बाबांचं रोजचं खातं साधं ठेव, ॲडमिनचं वेगळं. आणि सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स कुठून घ्यायची’ तिथे फक्त स्टोअर निवड. हिशेबाचं सॉफ्टवेअर घालताना ते तात्पुरतं उघडायचं, मग पुन्हा बंद. एस मोड काढण्यासारखं हे कायमचं नाही.
श्रीकांत

—

श्रीकांत, साध्या खात्यावर एवढा भरवसा नको. समोरच्याच्या हातात स्क्रीन देणारे कितीतरी प्रोग्रॅम इन्स्टॉल न करताच चालतात, ॲडमिनचा पासवर्ड कुणी विचारतच नाही. मुलुंडला सासऱ्यांच्या बाबतीत हेच झालं. ‘केवायसी संपलंय’ म्हणून फोन, एक फाइल उतरवायला सांगितली आणि दहा मिनिटांत मुदतठेव मोडली गेली. खातं साधंच होतं. एस मोड असता तर ती फाइल उघडलीच नसती. सहा महिने झाले, ते अजून अनोळखी नंबर उचलत नाहीत, माझ्या नव्या नंबरवरूनही उचलला नव्हता. मेधा, सभा दरवर्षी होते. या वर्षीचा ताळेबंद हिशेबनिसांकडूनच छापून घ्या.
अनघा

—

अनघा, एस मोडमध्येही दुसऱ्याचा स्क्रीन दुरून हाताळायचं क्विक असिस्ट चालतं की. मायक्रोसॉफ्टचंच आहे, आपण सगळे आईवडिलांना त्यानेच मदत करतो. भामटे तेच वापरतात, असा इशारा मायक्रोसॉफ्टनेच मे २०२४ मध्ये दिला होता. आणि फोनवर ओटीपी सांगितला तर कुठलंही कुलूप काय करणार? सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवा. पैसे गेल्यावर पहिल्या तासात फोन केला तर ते अडवता येण्याची शक्यता असते.
प्रसाद

—

एवढ्यापेक्षा क्रोमबुक का नाही घेतलं? आईला विलेपार्ल्याला घेऊन दिलं, बाहेरची एक्झी फाइल चालतच नाही. २०२१ पासूनच्या मॉडेलना १० वर्षं अपडेट आहेत. तक्रार एकच, तिचे श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधले लेख त्यावर मराठीत दिसत नाहीत, नुसती रोमन अक्षरं येतात. कुणाकडे कन्व्हर्टर आहे का? दिवाळी अंकाची मुदत जवळ आली आहे.
स्वाती

—

स्वाती, कन्व्हर्टरचं वेगळ्या विषयाखाली लिही, अंकाचं काम संपादन समितीकडे आहे. इथे एवढंच सांगतो, यापुढचं सगळं युनिकोडमध्येच करायला सांग. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, एस मोडमध्येही चालतो.
श्रीकांत

—

चि. मेधा आणि सर्व मंडळी,
मागच्या उन्हाळ्यात तिकडे परदेशात राहून आल्यापासून माझंही नाव या ईमेल यादीत आहे, हे बहुधा विसरलात. मार्चमधली चूक माझी होती, घाबरून मी स्क्रीन दाखवला. पण हिशेब हिशेबनिसांकडून छापून आणणं मला पटत नाही. १४ वर्षं मी पावत्या स्वतः जुळवतो. ताळेबंद दुसऱ्याच्या यंत्रावर झाला, तर सभेत त्यावर सही कोणत्या तोंडाने करू?
एस मोड काढावा. ॲडमिनचं खातं वेगळं करावं, श्रीकांत म्हणतात तसं. त्याचा पासवर्ड मात्र माझ्याकडे हवा. कागदावर लिहून कपाटात पासबुकांजवळ ठेवीन. फोन चालू असताना कपाट उघडायचं नाही, हे मी आणि तुझ्या आईने ठरवलं आहे. अनघाताईंच्या सासऱ्यांचा नंबर मला कळवावा, त्यांच्याशी बोलायचं आहे.
मेधा, रविवारी आपल्याकडच्या ११ नंतर फोन कर. त्याआधी मी बाजारात असतो. प्रिंटरची सीडी शोधून ठेवली आहे.
बाबा