विद्यार्थी लघुपटाचे पोस्टर आणि ट्रेलर: प्रेक्षकांना नेमके काय विचारावे?

नवीपेठकर

नमस्कार. आम्ही पाच जण पुण्यात माध्यमविषयक अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असून प्रकल्प म्हणून 'उत्तरतालिका' नावाचा अठरा मिनिटांचा लघुपट पूर्ण केला आहे. लातूर जिल्ह्यातून राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आलेला एक मुलगा पूर्वपरीक्षेत नापास होतो, घरी मात्र पास झाल्याचे सांगतो आणि मुख्य परीक्षेच्या दिवसापर्यंत ते खोटे निभावत राहतो, एवढेच कथानक आहे. बराचसा भाग विनोदी असून शेवट गंभीर आहे.

लघुपटासोबत पोस्टर, एक मिनिटाचा ट्रेलर आणि समाजमाध्यमांवरचे साहित्य सादर करायचे असून ते सर्व 'प्रेक्षक-संशोधनावर आधारित' असावे अशी अट आहे. पोस्टरचे तीन नमुने आम्ही तयार केले. 'अ' मध्ये नायकाचा हसरा चेहरा, मागे पुस्तकांचा ढीग आणि वर ठळक पिवळ्या अक्षरांत नाव आहे. 'आ' मध्ये अभ्यासिकेतली रिकामी खुर्ची आणि तिच्यावर जागा धरण्यासाठी ठेवलेली सॅक आहे. 'इ' मध्ये गोल काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर पडलेला मोबाइल असून त्यावर 'आई' असा फोन वाजतो आहे. गूगल फॉर्म फिरवून 'यांपैकी कोणते पोस्टर सर्वांत जास्त आवडले?' असे विचारले, तेव्हा ६४ उत्तरांपैकी ३१ 'अ'ला, १८ 'आ'ला आणि १५ 'इ'ला मिळाली. ट्रेलरच्या दोन आवृत्त्या २० जणांना दाखवल्या, त्यांत १२ जणांनी पहिली आणि ८ जणांनी दुसरी निवडली.

आमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, हे मतदान झाले, संशोधन नव्हे. मग संशोधन म्हणजे आणखी नेमके काय करायचे, किती जणांना विचारायचे आणि त्यातून पोस्टर कसे घडवायचे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

आकडेमोड

मी मुंबईत ग्राहक-संशोधनाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे प्रथम तुमच्या आकड्यांकडे वळतो. ट्रेलरच्या बाबतीत तुम्हाला मिळालेला १२ विरुद्ध ८ हा कौल कौल म्हणण्याच्या योग्यतेचा नाही. एखादे नाणे वीस वेळा उडवले, तर निकाल १२-८ किंवा त्याहूनही एकतर्फी लागण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. हाच निकाल १५-५ असा असता, तर त्यात काही अर्थ आहे असे मी म्हटले असते. पोस्टरचा कौल निव्वळ आकड्यांच्या दृष्टीने बराच बरा आहे, परंतु तिथे अडचण वेगळी आहे. ही ६४ माणसे कोण? फॉर्म तुमच्या वर्गाच्या आणि मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरला असणार. त्यांना लघुपटाचा विषय आधीच माहीत आहे, नायक कदाचित त्यांच्याच ओळखीचा आहे, आणि ओळखीच्या माणसाचा चेहरा कोणालाही आवडतोच.

दुसरी गोष्ट अशी की, तीन पोस्टरे शेजारीशेजारी मांडून त्यांतले एक निवडण्याची वेळ खऱ्या प्रेक्षकावर कधीच येत नाही. त्याच्या वाट्याला एकच पोस्टर येते, तेही दुसऱ्या कामासाठी जाता जाता. म्हणून प्रत्येकाला एकच नमुना दाखवा, पाच सेकंदांनी तो काढून घ्या आणि मगच प्रश्न विचारा. पहिला प्रश्न 'हे कशाचे होते?' एवढाच असावा. त्यात 'चित्रपट' हा शब्द तुमच्या तोंडून येता कामा नये. त्यानंतर काय काय लक्षात राहिले, गोष्ट कशाबद्दल असावी, ती हसवणारी वाटते की गंभीर, आणि ही गोष्ट कोणासाठी आहे असे वाटते, हे विचारा. 'आवडले का?' हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारा किंवा विचारूच नका. समोरासमोर विचारल्यावर 'नाही आवडले' असे म्हणण्याइतका रोखठोकपणा आपल्याकडे घरच्या माणसांपुरता राखून ठेवलेला असतो. पोस्टर तुम्ही केले आहे हे सांगू नका, आणि उत्तर मिळेल ते त्याच शब्दांत लिहून घ्या, कारण तुमच्या शब्दांत उतरवले की त्यातला गोंधळ नाहीसा होतो आणि आपल्याला नेमका तो गोंधळच हवा असतो.

किती जणांना विचारायचे, याचे उत्तर उद्देशावर ठरते. टक्केवारी मांडायची असेल तर शंभर जणही थोडे पडतात. गैरसमज शोधायचे असतील, तर प्रत्येक नमुन्यामागे आठ अनोळखी माणसे पुरतात. दर तिघांत एकाचा होणारा गैरसमज आठ जणांमध्ये एकदाही न दिसण्याची शक्यता शंभरात फक्त चार एवढीच आहे. मात्र ती आठ माणसे ज्यांच्यासाठी पोस्टर आहे त्यांच्यापैकीच हवीत. ती कोण हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेले नाही, आणि माझ्या मते खरे काम तिथूनच सुरू होते.

करवीर_रंगारी

आकडेमोड यांच्याशी सहमत. कोल्हापुरात गेली अनेक वर्षे मांडणी आणि छपाईचे काम करत असल्याने एक भर घालतो: प्रेक्षक कोण याइतकेच पोस्टर लागणार कुठे हेही महत्त्वाचे आहे. पुण्यात परीक्षार्थींची वर्दळ असलेल्या नवी पेठेतल्या खाणावळीच्या भिंतीवर ते लागणार असेल, तर त्याच्या एका बाजूला 'कॉट बेसिसवर जागा मिळेल' आणि दुसऱ्या बाजूला टेस्ट सिरीजची जाहिरात असणार, हे गृहीत धरूनच मांडणी करायला हवी. त्या भिंतीचा फोटो काढा, त्यावर संगणकात आपले पोस्टर बसवा आणि तो संपूर्ण फोटो लोकांना दाखवा. कोऱ्या पांढऱ्या पडद्यावर कोणतेही पोस्टर देखणे दिसते.

नुसत्या वर्णनावरूनही 'अ'बद्दल दोन शंका येतात. पैसे वाचवण्यासाठी मुले हमखास कृष्णधवल झेरॉक्स काढतात आणि त्यात पिवळी अक्षरे फिकट करडी होऊन कागदात विरून जातात. दुसरे असे की, नावातले 'त्त' हे जोडाक्षर जाड ठशात आणि लहान आकारात भरून येते. ए३ कागदावर ते खपून जाईल, पण मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढ्या चौकटीत त्याचा नुसता ठिपका होईल. मुंबईच्या 'एक टाइप' या टंक घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' हा टंक (फाँट) विनामूल्य मिळतो, त्याची मधली वजने, म्हणजे फार जाड किंवा फार बारीक नसलेली अक्षरे, वापरून पाहा. छापील नमुना दहा फुटांवरून आणि मोबाइलवरचा नमुना हातभर अंतरावरून, असा दोन्ही प्रकारे अनोळखी माणसाकडून वाचून घ्या.

एक मात्र नक्की सांगेन. लोकांना 'कोणता रंग हवा, काय बदलू?' असे विचारत बसू नका. काय समजले हे लोक अचूक सांगतात, पण उपाय सुचवायला सांगितले की प्रत्येक जण चेहरा मोठा करायला सांगतो. आमच्या गावचे बाबूराव पेंटर १९२०च्या दशकात आपल्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः रंगवत आणि चित्रपटाची माहिती देणाऱ्या पुस्तिकाही छापून घेत. प्रेक्षकाला काय माहीत करून द्यायचे आहे हे त्यांनी ओळखले होते, पण कुंचला मात्र त्यांच्याच हातात होता.

नवीपेठकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या परिसरातील अभ्यासिका आणि खाणावळींत, चालकांची परवानगी घेऊन, परीक्षार्थींना प्रत्येकी एकच पोस्टर भिंतीच्या फोटोसह दाखवले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडतो.

'अ' पाहून बहुतेकांनी 'क्लासची जाहिरात' असे उत्तर दिले. एकाने नवी बॅच कधी सुरू होते आहे असे विचारले, तर दुसऱ्याने 'हा कितवा आला?' असा प्रश्न केला. हसरा चेहरा, पुस्तके आणि पिवळी अक्षरे म्हणजे निकालानंतर लागणारे अभिनंदनाचे फलक, हे समीकरण त्यांच्या डोळ्यांत इतके पक्के बसलेले आहे की नाव वाचण्याआधीच त्यांचा निर्णय झालेला असतो. 'आ' पाहून दोघांनी या अभ्यासिकेत जागा शिल्लक आहे का असे विचारले, यावर आमच्या छायालेखिकेने काही काळ मौन पाळले. 'इ'च्या बाबतीत मात्र काहीही न सांगता 'घरून फोन आलाय आणि हा उचलत नाहीये' असे उत्तर वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा मिळाले. एक मुलगा म्हणाला, 'निकालाच्या दिवशी माझा फोन असाच वाजत पडलेला असतो.'

अडचणी दोन आहेत. पहिली अशी की, 'इ' पाहून एकानेही ही गोष्ट विनोदी असेल असे म्हटले नाही. दुसरी अशी की, गावाकडच्या पालकांच्या वयाच्या मंडळींना हेच पोस्टर नातेवाइकांमार्फत दाखवले, तेव्हा त्यांना ते मोबाइलचे किंवा सिमकार्डाचे वाटले. उत्तरपत्रिकेतले काळे करायचे गोल त्यांनी कधी पाहिलेलेच नाहीत. दोन प्रेक्षकवर्गांची उत्तरे इतकी वेगळी आली असताना कोणाचे ऐकायचे?

पडद्यामागे

मी चित्रपट शिकवतो आणि अधूनमधून महोत्सवांसाठी लघुपट निवडण्याच्या कामातही असतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर असे की, दोघांचेही ऐकायचे, पण एकाच कागदावर नाही.

प्रेक्षक बदलला की जाहिरात बदलायची, हे आपल्याकडे पहिल्या चित्रपटापासून चालत आलेले आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत दाखवला आणि नंतर तो सुरतेला नेला. तिथल्या लोकांना दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहण्याची सवय होती. दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार? तेव्हा सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि सर्व काही तीन आण्यांत, अशी जाहिरात त्यांनी केली आणि गर्दी झाली. चित्रपट तोच होता. त्या गावचा माणूस पैशाचा मोबदला कशात मोजतो, हे त्यांनी हेरले आणि त्याच मापात उत्तर दिले. तुमच्या परीक्षार्थींचे माप कोणते हे तुम्हाला त्या वाजत पडलेल्या फोनच्या वाक्यात मिळालेले आहे. त्या मुलाला उत्तम चित्रीकरण नको आहे, आपली गोष्ट कोणीतरी आपल्याला न हिणवता सांगते आहे एवढी खात्री हवी आहे.

तेव्हा परीक्षार्थींसाठी 'इ' ठेवा. पालकांपर्यंत ही गोष्ट भिंतीवरून जाणारच नाही, ती व्हॉट्सअ‍ॅपवरून जाईल. त्यांच्यासाठी फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेली आई, म्हणजे गावाकडचे दृश्य, पुढे आणणारे वेगळे चित्र करा आणि तेही त्याच पाच सेकंदांच्या पद्धतीने तपासून घ्या. महोत्सवाच्या निवडकर्त्यापुढे पोस्टरपेक्षा लघुपटातले एक चांगले स्थिरचित्र, दोन ओळींचा सारांश आणि नीट केलेली इंग्रजी उपशीर्षके यांना अधिक महत्त्व असते. तिथे पोस्टरवर फार रात्री जागवू नका.

विनोदाची अडचण मला पोस्टरची वाटत नाही. एका चित्राने हसवावे आणि रडवावेही, असा आग्रह धरला की दोन्ही फसते. विनोद ट्रेलरकडे सोपवा. अठरा मिनिटांच्या लघुपटाला पूर्ण एक मिनिटही जास्तच होते. चाळीस-पन्नास सेकंदांत, नायक फोनवर थाप मारतो तो एकच प्रसंग सलग ठेवा आणि मुख्य परीक्षेचा दिवस अजिबात दाखवू नका. ट्रेलरची चाचणी घेताना 'पुढे काय होईल असे वाटते?' असे विचारा. सर्वांनी अचूक शेवट सांगितला तर ट्रेलरने जरुरीपेक्षा जास्त सांगून टाकले आहे, आणि कोणालाच काही विचारावेसे वाटले नाही तर फारच कमी सांगितले आहे.

नावाबद्दलही एक सूचना आहे. राज्यसेवा परीक्षा घेणारा लोकसेवा आयोग परीक्षेनंतर आधी प्रथम आणि हरकती मागवून झाल्यावर अंतिम उत्तरतालिका, म्हणजे अचूक उत्तरांची यादी, प्रसिद्ध करतो. त्यामुळे इंटरनेटवर हा शब्द शोधणाऱ्याला आयोगाच्या आणि क्लासेसच्या पानांचा ढीगच मिळणार. यूट्यूबवर शीर्षकातच 'मराठी लघुपट' जोडा, पोस्टरवर क्यूआर कोड द्या आणि खऱ्या उत्तरतालिकेच्या आसपासच्या दिवसांत ट्रेलर टाकू नका. त्या दिवशी चिडलेला परीक्षार्थी चुकून तुमच्या ट्रेलरवर येऊन पडला, तर प्रतिक्रिया काय येतील याची कल्पना करा.

अहवालात तक्त्यांची आणि वर्तुळालेखांची पाने भरू नका. लोक काय म्हणाले, त्यावरून तुम्ही काय बदलले आणि कोणती सूचना ऐकूनही नाकारली, ही साखळी परीक्षकाला दिसली पाहिजे. पहिला फॉर्मही त्यात ठेवा. सर्वाधिक मते मिळवणारे 'अ' तुम्ही का सोडले, हे अहवालातले सर्वांत वाचनीय पान होईल.

तिसरी_घंटा

क्षमा असावी, पण थोडा विरोधी सूर लावतो. विद्यार्थिदशेतही जर लोकांना विचारून पोस्टर करायचे असेल, तर स्वतःचे म्हणून काही करायचे केव्हा? उद्या संहितेलाही पाच सेकंदांची चाचणी लावाल.

आकडेमोड

संहितेला लावू नये, याबाबत दुमत नाही. पण पोस्टर हा निरोप आहे आणि तो पोहोचला की नाही हे पाठवणाऱ्याला एकट्याने ठरवता येत नाही. येथे 'इ' ही कल्पना या मुलांचीच होती आणि मतदानात ती शेवटची आली होती, हेही लक्षात घ्यावे.

नवीपेठकर, ट्रेलरच्या फेरीसाठी दोन गोष्टी. एकदा तो आवाज बंद ठेवून दाखवा, कारण अभ्यासिकेत बसलेला मुलगा तो तसाच पाहणार आहे. थाप मारण्याचा विनोद संवादांत असेल, तर मराठी संवाद पडद्यावर लिहून द्यावे लागतील. आणि उत्तरे घेताना कोणाचेही नाव किंवा फोन नंबर लिहून घेऊ नका, वय आणि तयारीचे वर्ष एवढे पुरे. नापास झाल्याचे घरी सांगितले नाही अशी कबुली त्यांतला एखादा मुलगा सहज देऊन जाईल आणि ती तुमच्या अहवालातून त्याच्या गावी पोहोचता कामा नये.