मदत हवी आहे: सामाईक संज्ञासूचीतले वर्ग कोणी बदलायचे आणि कसे?

आम्ही काही स्वयंसेवक मिळून विज्ञानातल्या संज्ञांची सामाईक सूची सांभाळतो. सगळं एका स्प्रेडशीटमध्ये. संपादक हौशी, वेळ तुटपुंजा, त्यामुळे नवं सॉफ्टवेअर नको आहे.

अडचण व्याख्यांची नाही, वर्गांची आहे. 'दाब' भौतिकशास्त्रात ठेवला की हवामानवाले तो आपल्याकडे ओढतात, रक्तदाबामुळे वैद्यकवाले तिसरीकडे. एका संज्ञेला अनेक वर्ग देण्याची मुभा दिली, तर ते इतक्या सढळ हाताने वाटले गेले की फिल्टर लावून काही हाती लागेना. मग ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या वर्गीकरणाच्या धर्तीवर पैलू वेगळे केले: विषय एका रकान्यात, आणि वस्तू, गुणधर्म की प्रक्रिया हे दुसऱ्यात. हे बरंच जमलं. स्कॉस (SKOS) या संज्ञासूची मांडायच्या वेब-मानकातली एक पसंतीचं नाव आणि बाकीची पर्यायी ही रीतही घेतली आहे, तेव्हा समानार्थी शब्दांचा प्रश्न मिटलाय. मतदान मात्र कृपया सुचवू नका. त्या आठवड्यात ज्याला सवड असते तोच जिंकतो.

खरा घोळ पुढचा आहे. 'इतर' हा वर्ग फुगत चाललाय, आणि कोणी वर्गाचं नाव बदललं की जुन्या नोंदी अधांतरी राहतात.

तुमच्या गटात वर्ग फोडायचा, जोडायचा किंवा बाद करायचा निर्णय कोण घेतं: एकच जण, की प्रत्येक विषयाचा वेगळा जबाबदार? आणि बाद झालेला वर्ग पुसून टाकता, की 'याऐवजी अमुक पाहा' असा शेरा मारून तसाच ठेवता?