मदत हवी आहे: 36-1 चक्रावर सिंक टिकत नाही, वेग वाढला की टायमिंग सरकतं

प्रश्न
एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक इंजिन, ठिणगीची वेळ मायक्रोकंट्रोलर ठरवतो. क्रँकशाफ्टवर 36 दातांचं चक्र, एक दात काढलेला. समोर दोन वायरींचा मॅग्नेटिक पिकअप, फट 0.8 मिमी. सिग्नल कम्पॅरेटरमधून (तो सिग्नलचे पल्स बनवतो) मायक्रोकंट्रोलरकडे जातो. स्टार्टर फिरताना काढलेल्या दाताची जागा (सिंक) कधी सापडते, कधी नाही. इंजिन लागलंच तर कोडमध्ये ॲडव्हान्स (पिस्टन अगदी वर येण्याच्या किती अंश आधी ठिणगी) 10 अंशांवर बांधूनही टायमिंग लाइटखाली खूण वेगाबरोबर सरकते. फट कमी करू का?

प्रतिसाद
फटीला हात लावू नका. आधी पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करा, लक्षणं उलट्या पोलॅरिटीची आहेत.

पोलॅरिटी बरोबर असेल तर दाताच्या मध्यावर सिग्नल शून्यातून झपकन जातो आणि पल्समधलं अंतर 10, 10, 20, 10 अंश असं येतं. उलटी असेल तर पल्स दोन दातांच्या मधोमध पडतो. काढलेल्या दाताच्या जागी मग 20 ऐवजी 15 आणि 15 दिसतात, तेही सिग्नल जवळपास सपाट असताना, म्हणजे जरासा नॉइजही पल्स हलवतो. ‘आधीच्यापेक्षा दीडपट मोठं अंतर’ शोधणारा कोड नेमका काठावर अडकतो. त्यात एका सिलिंडरचं इंजिन स्टार्टरवर कॉम्प्रेशनला हळू होतं, त्यामुळे गोंधळ वाढतो. दोन पल्समधले वेळ छापून पाहा, लगेच कळेल.

अदलाबदलीनंतर पल्स अर्धा दात, म्हणजे 5 अंश सरकेल. टीडीसीचा (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) कोडमधला ऑफसेट टायमिंग लाइटने पुन्हा बसवा, नाहीतर इंजिन उलटा झटका देऊ शकतं.

प्रश्नकर्ता
वायरी बदलल्या, ऑफसेट बसवला. सिंक आता पक्कं आहे, धन्यवाद! पण 1000 वरून 6000 आरपीएमला खूण अजून साधारण 2 अंश रिटार्ड होते, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. कम्पॅरेटर आणि मायक्रोकंट्रोलरच्या मध्ये 10 किलोओम आणि 10 नॅनोफॅरडचा फिल्टर आहे.

प्रतिसाद
मग तो फिल्टरच. त्याचा टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टर गुणिले कॅपॅसिटर) 100 मायक्रोसेकंद, मायक्रोकंट्रोलरच्या पिनला बदल दिसायला सुमारे 70 मायक्रोसेकंद लागतात. 6000 आरपीएमला एक अंश फक्त 27.8 मायक्रोसेकंदांचा, म्हणजे 2.5 अंश उशीर. 1000 ला तोच उशीर 0.4 अंश. कॅपॅसिटर 1 नॅनोफॅरडचा लावा. नॉइज वर आला तर तो केबलमध्ये मारा: शिल्डेड वायर, शिल्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला ग्राउंड, प्लगच्या वायरीपासून लांब, आणि रेझिस्टर असलेला स्पार्क प्लग.