मामांच्या बीपीच्या गोळीने घोटे सुजतात, उठताना झोक जातो, काय करावं?

कोरेगावची_सून
सासरे ७४ वर्षांचे. सकाळी एकच गोळी, त्यात टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन ५, क्लोरथॅलिडोन १२.५. बसून बीपी ११८/७० च्या आसपास. संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात, पहाटे उठताना झोक जातो. गुडघ्यासाठी अधूनमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घेतात. मेडिकलवाले म्हणतात, सुजेवर लघवीची गोळी द्या. वारीत लोणंदपासून फलटणपर्यंत चालायचं म्हणतायत.

औषधवाला_कराड
ताई, लघवीची गोळी वाढवू नका. क्लोरथॅलिडोन म्हणजे लघवीचीच गोळी, ती आधीच पोटात जातेय. दोन्ही पायांची अशी सूज बहुतेक अ‍ॅम्लोडिपिनची. त्याने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी झिरपून घोट्याशी साठतं. अंगात पाणी वाढलेलं नसतं, त्यामुळे लघवी वाढवून ती सूज फारशी उतरत नाही. सोडियम मात्र उतरतं, आणि या वयात त्याने ग्लानी येते, बोलणं असंबद्ध होतं, तोल जातो. अ‍ॅम्लोडिपिन २.५ वर आणता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. घरी गोळी मोडू नका, तिन्ही औषधं निम्मी होतील. सूज एकाच पायाला असेल किंवा आडवं झाल्यावर दम लागत असेल तर त्याच दिवशी दाखवा.

मला जास्त भीती डायक्लोफेनॅकची वाटते. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि हे, तिन्ही एकत्र आली की किडनीचा रक्तपुरवठा घटतो. उन्हात पाणी कमी पडलं तर किडनी अचानक बसू शकते. शिवाय बीपीही चढतं. गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल का, ते विचारून घ्या.

सिस्टर_सांगली
बसून घेतलेल्या बीपीवर जाऊ नका. चहा, तंबाखू, मिश्री यांनंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन येऊ द्या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं बसवा. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला. बीपी घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर चक्कर बहुतेक त्याचीच. शेजारी उभ्या राहा, त्याच वेळी पडतात. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा घेऊन वहीत लिहा. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते कळतं) तपासून रिपोर्ट आणि वही दोन्ही न्या. प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, तिनेही उठताना बीपी पडतं.

कोरेगावची_सून
कमी सोडियमचं मीठ आणलंय, ते चालेल?

औषधवाला_कराड
रिपोर्ट येईपर्यंत नको. त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवतं. साधंच मीठ कमी घाला. पापड, लोणचं, खर्डा यांतून जातं ते आधी आवरा.

सिस्टर_सांगली
वारीचं डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच ठरवा. जाणार असतील तर गोळ्या पाकिटासकट, दोन दिवसांच्या जास्त द्या, चिठ्ठीचा फोटो मामांच्या आणि सोबत्याच्या फोनमध्ये असू दे. पहाटे अंथरुणातच बसून पावलं हलवायची, दोन मिनिटांनी उठायचं. जुलाब-उलट्या लागल्या तर आधी डॉक्टरांना फोन, अशा दिवशी ही गोळी थांबवावी लागू शकते. जलसंजीवनीचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं-मुर्धं कालवू नका.