शस्त्रक्रियेपूर्वीचा आहार आणि मधुमेहाची औषधे
वजन कमी करण्याच्या (बेरियाट्रिक) शस्त्रक्रियेआधीचा दोन आठवड्यांचा कमी कॅलरींचा आहार म्हणजे रुग्णाच्या निश्चयाची परीक्षा, असे मत या चर्चेत मांडले गेले; ते मला पटत नाही. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि तो चरबीने फुगलेला असेल, तर दुर्बिणीतून काम करणाऱ्या शल्यविशारदाला तो बाजूला सारणे अवघड जाते, प्रसंगी त्यातून रक्तस्रावही होतो. दिवसाला साधारण ८०० ते १००० कॅलरी आणि अत्यल्प कर्बोदके घेतल्यास यकृतातील ग्लायकोजेन (साठवलेली साखर), त्याने धरून ठेवलेले पाणी आणि काही चरबी कमी होऊन ते आकसते. शेवटच्या दिवसांत पथ्य मोडू नये, असे डॉक्टर बजावतात ते यासाठीच.

मात्र या चर्चेत मधुमेहाच्या औषधांचा उल्लेख आला नाही, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील (शरीरातील इन्सुलिनचा स्राव वाढवणाऱ्या) गोळ्यांची मात्रा पूर्वीचीच ठेवून कर्बोदके एकदम घटवली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. एसजीएलटी-२ गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) औषधांमुळे तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन साचून ते आम्लयुक्त होण्याचा गंभीर विकार, होऊ शकतो. म्हणून आहार सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून औषधांची मात्रा नव्याने ठरवून घ्यावी, ही कळकळीची विनंती.